जपानच्या शाळेत आठ दिवस : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

शाळकरी मुलांच्या जपान दौऱ्याबद्दल विदर्भातल्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रं या अंकात घेतली आहेत. विचारणारे शिक्षक, पालक आणि विद्यार्थी आहेत. नावं गाळून फक्त तालुके दिले आहेत.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत आहे. आमच्या मुलांना जपानला जाण्याचा खरा मार्ग कोणता? एक एजंट "नक्की नाव लावतो" म्हणून पैसे मागतो आहे. (मुख्याध्यापक, ता. केळापूर, जि. यवतमाळ)

एजंटला एक रुपयाही देऊ नका. शाळकरी मुलांचा सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे ‘साकुरा सायन्स’. जपान सायन्स अँड टेक्नॉलॉजी एजन्सी ही तिथली सरकारी संस्था २०१४ पासून हा कार्यक्रम चालवते. दौरा साधारण आठवड्याचा असतो आणि विमानभाडं, राहणं, जेवण यांचा खर्च त्या कार्यक्रमातूनच होतो. मुलांची नावं सरकारी यंत्रणेकडून जातात. त्यामुळे "फॉर्म भरून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात मुळात काही नसतं.

तुमच्या शाळेसाठी जवळची वाट ‘इन्स्पायर-मानक’ या मुलांच्या विज्ञानकल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेची. सहावीपासूनच्या मुलांच्या पाच कल्पना शाळा ऑनलाइन पाठवू शकते. निवड झाली की मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात, त्यातून नमुना तयार करायचा आणि मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असा प्रवास होतो. राष्ट्रीय पातळीवर गेलेल्या काही मुलांना पुढे साकुरातून जपान पाहायला मिळालं आहे.

गाडी दोन ठिकाणी अडते. एक, बँक खातं. ते आधारशी जोडलेलं नसेल किंवा व्यवहार नसल्याने बंद पडलं असेल, तर रक्कम परत जाते. नाव पाठवण्याआधीच पासबुक भरून आणा. दुसरं, कल्पना. पुस्तकातला ज्वालामुखी आणि पुठ्ठ्याची पवनचक्की दरवर्षी शेकड्यांनी येतात. कापूस वेचताना बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलतात, फवारणीचा पंप पाठीवर गळतो, तुरीच्या गंजीत उंदीर शिरतात. हे प्रश्न तुमच्या मुलांनी रोज पाहिलेले आहेत आणि परीक्षकाला नेमकं तेच हवं असतं.

याशिवाय जपान सरकारचा ‘जेनेसिस’ हा तरुणांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम २००७ पासून आहे. ‘एएफएस’ ही संस्था मोठ्या, म्हणजे पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना काही महिने जपानी कुटुंबात ठेवून तिथल्या शाळेत पाठवते. त्याला फी असते, काही जागांना शिष्यवृत्ती असते. आठवीच्या मुलांसाठी आत्ता त्याचा विचार नको.

प्रश्न : मुलाचं नाव निवडीत आलं, पण आधारवर नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं आहे. पासपोर्टला अडेल का? (पालक, ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा)

अडेल, आणि दौरे सगळ्यात जास्त इथेच हुकतात. शाळेच्या रजिस्टरमध्ये आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर कधी वडिलांचं नाव गळलेलं असतं, कधी जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्ष असतं. पासपोर्टच्या अर्जात दोनच रकाने असतात. पहिल्यात मुलाचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं नाव, दुसऱ्यात फक्त आडनाव. इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखला, शाळा आणि आधार या तिन्हींवर अक्षरशः एक असलं पाहिजे. आधी आधार दुरुस्त करा, मगच पासपोर्टची तारीख घ्या. उलट केलंत तर फेरी वाया जाते. पुढे विमानाचं तिकीटही पासपोर्टवरच्या नावानेच काढायचं, शाळेच्या यादीवरून नाही.

विदर्भाचं काम नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतं. अर्ज भरताना जवळच्या टपाल कार्यालयात पासपोर्ट केंद्र आहे का, ते पाहा. अठराच्या आतल्या मुलाला साधी फी १,००० रुपये आहे. या फीत पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतचा, यातलं जे आधी येईल तितकाच मिळतो. आई आणि वडील दोघांच्या सहीचं ‘परिशिष्ट ड’ लागतं. एकट्या पालकासाठी ‘परिशिष्ट क’ आहे. वडील कामासाठी बाहेरगावी असतील तर त्यांची सही आधीच घेऊन ठेवा. निवड व्हायची वाट न पाहता चुणचुणीत मुलांचे पासपोर्ट आधीच काढून ठेवावेत, असं आम्ही प्रत्येक शाळेला सांगतो.

प्रश्न : तिथल्या शाळेचा दिवस कसा असतो? मुलांना स्वतः झाडावं लागतं म्हणतात, ते खरं का? (विद्यार्थिनी, इयत्ता नववी, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

खरं आहे. पण दिवस झाडूच्याही आधी, दारातच सुरू होतो. दाराच्या आतल्या खालच्या जागेला ‘गेनकान’ म्हणतात. तिथे बाहेरचे जोडे काढून कप्प्यात ठेवायचे आणि आतले कापडी जोडे, ‘उवाबाकी’, घालायचे. पाहुणे हमखास एक चूक करतात : जोडा काढून मोज्याचा पाय खालच्याच फरशीवर टेकवतात. ती फरशी बाहेरची मानली जाते, त्यामुळे तिची धूळ आत जाते. पाय जोड्यातून थेट वरच्या पायरीवर गेला पाहिजे. पाहुण्यांना सपाता मिळतात, पण त्या पायातून निसटतात. म्हणून पांढऱ्या तळाचे, कधीच बाहेर न घातलेले कापडी जोडे सोबत न्या. जपानात जोड्याचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. कागदावर पाऊल ठेवून टाच ते अंगठा मोजा आणि तो आकडा लिहून ठेवा. मोजे रोज एक याप्रमाणे आठ जोड, एकही फाटका नको.

तास ५० मिनिटांचा, प्राथमिक शाळेत ४५ मिनिटांचा. सुरुवातीला वर्गातलाच एक विद्यार्थी "किरित्सु" म्हणतो, सगळे उभे राहतात. "रेइ" म्हटलं की वाकायचं, "चाकुसेकि" म्हटलं की बसायचं. वाकताना पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका. नुसती मान खाली घातली तर ते आळसासारखं दिसतं. हात जोडून नमस्कारही करायचा आणि वाकायचंही, असं दोन्ही एकदम करू नका.

प्राथमिक शाळेत, आणि बहुतेक ठिकाणी कनिष्ठ माध्यमिकमध्येही, जेवण शाळेचंच असतं. त्याला ‘क्यूशोकु’ म्हणतात. तिथे १९५४ पासून शालेय भोजनाचा कायदा आहे. वाढायची पाळी मुलांची असते, आठवड्याला गट बदलतो. पाळीवाले पांढरा अंगरखा, टोपी आणि मास्क घालून बादल्या आणि ताटल्या वर्गात आणतात. पहिल्या मुलाला किती वाढलं तर शेवटच्यालाही तितकंच पुरेल, हा अंदाज त्यांनाच करावा लागतो. सगळ्यांना मिळाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. मग एकत्र "इतादाकिमास" म्हणायचं आणि संपल्यावर "गोचिसोसामा देशिता". आपल्याकडच्या "वदनी कवळ घेता"ची जागा तिथे या दोन शब्दांनी घेतली आहे. अंगरखा शुक्रवारी घरी न्यायचा, धुऊन इस्त्री करून सोमवारी पुढच्याला द्यायचा. उच्च माध्यमिक शाळेत हे भोजन बहुधा नसतं, मुलं घरून डबा आणतात.

आता झाडणं. रोज १५ ते २० मिनिटं, बहुतेक जेवणानंतर. बाकांवर खुर्च्या उलट्या ठेवतात, बाकं वर्गाच्या मागे सरकवतात, पुढची अर्धी जागा झाडतात आणि पुसतात, मग बाकं पुढे आणून मागची अर्धी. पुसायचं फडकं म्हणजे ‘झोकिन’. जुन्या टॉवेलचं, घड्या घालून शिवलेलं असतं. ते घट्ट पिळायचं. थेंब गळत असले तर लाकडी जमीन फुगते आणि धावणारी मुलं घसरतात. फडक्यावर दोन्ही तळवे टेकवून, कंबर वर करून, लाकडाच्या रेषेने सरळ पुढे पळत जायचं. जिने आणि हात धुण्याची जागाही मुलंच साफ करतात, कित्येक शाळांत संडासदेखील.

गाडगेबाबांच्या जिल्ह्यातल्या मुलीला झाडू नवा नाही. वर्ध्यात १९३७ साली नई तालीमची मांडणी झाली, तीही हाताच्या कामासकट शिक्षणाची होती. आपल्या शाळेत झाडू कुणाच्या हाती दिला जातो, ते मात्र पाहा : बहुधा मुलींच्या, किंवा ठराविक वस्तीतून येणाऱ्या मुलांच्या. तिथे भिंतीवर पाळीचा तक्ता असतो आणि त्यात वर्गातलं प्रत्येक नाव येतं. परत आल्यावर तुमच्या शाळेत काही आणायचं असेल, तर आधी तो तक्ता आणा.

दौऱ्यात भूकंपाचा सरावही होऊ शकतो. घंटा वाजली की आधी बाकाखाली शिरून बाकाचा पाय धरायचा, सूचना आल्यावरच बाहेर पडायचं. लहान मुलांना ‘ओ-का-शि-मो’ शिकवतात : ढकलू नका, पळू नका, बोलू नका, मागे फिरू नका.

प्रश्न : माझं इंग्रजी कच्चं आहे. निवड झाली तरी बोलणार कसं? (विद्यार्थी, ता. धारणी, जि. अमरावती)

तिथल्या बऱ्याच मुलांचंही इंग्रजी तुमच्याइतकंच असतं. त्यापेक्षा दीड महिन्यात थोडं जपानी शिका. मराठीवरून ते इंग्रजीपेक्षा सोपं जातं. क्रियापद शेवटी येतं : "वाताशि वा मिझु ओ नोमिमास" म्हणजे "मी पाणी पितो". विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात : "नागुपुरु कारा" म्हणजे नागपूरहून. आणि प्रश्न करायला वाक्याच्या शेवटी चक्क ‘का’ लावायचा : "मिझु देस का?" म्हणजे "हे पाणी आहे का?"

हिरागाना लिपीत ४६ मूळ अक्षरं आहेत. त्यांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमार्फत आपल्या वर्णमालेची मांडणी तिकडे गेली. रोज पाच अक्षरं, प्रत्येकी वीस वेळा लिहिलीत तर दहा दिवसांत लिपी हाती येते. त्यांच्याकडे ‘ल’ नाही आणि शब्द बहुधा स्वरावर संपतो. म्हणून कमल तिथे ‘कामारु’ होते. आपलं नाव त्यांच्या उच्चारात कसं येईल, ते आधी कानावर घाला, म्हणजे हाक मारली की कळेल.

प्रश्न : माया पोरीचं नाव दौऱ्यात लागलं. आम्ही माळकरी मानसं, अंडंबी चालत नाई. तथी ते खाईन काय? आठ रोजाचा डबा देऊ का? अन् घरच्या संत्र्याची पेटी संगं देली तं चालते का? (पालक, ता. वरुड, जि. अमरावती)

संत्री देऊ नका. ताज्या फळांना वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि फळमाशीच्या भीतीमुळे आपली लिंबूवर्गीय फळं तिथे चालतच नाहीत. पेटी विमानतळावरच जाईल, आणि न सांगता नेली तर पोरीला जाब द्यावा लागेल.

आठ दिवसांच्या पोळ्याही नकोत, तिसऱ्या दिवशी बुरशी धरतात. कोरडं द्या : जवसाची चटणी पाव किलो, मेतकूट पाव किलो, भाजके शेंगदाणे अर्धा किलो, चिवडा, गूळपापडी. चटण्या दोन पिशव्यांत बांधून मोठ्या सामानात ठेवा. बिन मिठाचा साधा भात तिथे सगळीकडे मिळतो. त्याला ‘गोहान’ म्हणतात. भात चिकट असतो, पण मेतकूट-तेलाबरोबर पोट भरतं. टोफू (सोयाबीनचं पनीर), दूध, केळी, उकडलेलं रताळं यांचाही आधार आहे.

खरी अडचण दिसत नाही, ती पाण्यात असते. ‘दाशि’ नावाचं सार बहुतेक रशांच्या तळाशी असतं आणि ते बहुधा सुक्या मासळीचं. मिसो सूप, उदोन (जाड शेवया), भाज्यांची उकड, अंड्याची वडी, सगळ्यात ते येतं. वर मासा दिसत नाही म्हणून वाढणारा खरोखर मनापासून "शाकाहारी आहे" म्हणतो. जपानी करी दिसते आपल्या रश्शासारखी, पण तिच्या तयार वड्यांत बहुधा प्राण्यांची चरबी असते. जेली आणि काही दह्यांत जिलेटिन. भाताच्या मुटक्यात, ‘ओनिगिरि’त, खारवलेल्या आंबट फळाचा म्हणजे ‘उमे’चा प्रकार बरा, पण त्यावर ‘कात्सुओ’ लिहिलेलं असेल तर सोडा. ती मासळी.

म्हणून नुसतं "शाकाहारी" सांगून भागत नाही, पदार्थांची नावं सांगायची. "निकु मो, साकाना मो, तामागो मो ताबेमासेन" म्हणजे मांस, मासा, अंडं यांतलं काहीच खात नाही. "दाशि मो दामे देस" म्हणजे दाशिही चालत नाही. या दोन ओळी जपानी लिपीत कार्डावर छापून घ्या, पाच प्रती पोरीच्या खिशात असू द्या. आयोजकांच्या फॉर्ममध्येही हेच लिहा, निघायच्या निदान तीन आठवडे आधी. ऐन वेळी सांगितलं की यजमान माउलीला अपराधी वाटतं आणि पोर उपाशी राहते.

फोनचंही सांगतो. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. रात्री नऊला फोन कराल तर तिथे साडेबारा वाजलेले असतील. दुपारी चारला करा.

प्रश्न : मुलींच्या पाळीचं आणि आंघोळीचं तिथे कसं? विचारायला संकोच वाटतो. (आई, ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

संकोच नको, निघण्याआधी शिक्षिकेने सगळ्या मुलींना एकत्र बसवून हे सांगायलाच हवं. मुलींच्या संडासात कोपऱ्यात झाकणाचा छोटा डबा असतो, पॅड गुंडाळून त्यातच टाकायचं. कागद मात्र भांड्यातच टाकून पाणी सोडायचं. तिथला कागद पाण्यात विरघळतो. घरात संडासाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या घालून बाहेर येऊ नये.

आंघोळीआधी टबाबाहेर बसून साबणाने सगळं अंग धुवायचं, फेस पूर्ण काढायचा आणि मग गरम पाण्यात बसायचं. तेच पाणी घरातले सगळे वापरतात, म्हणून त्यात साबण नको, केस सोडलेले नकोत आणि उठल्यावर बूच काढायचं नाही. पाळीच्या दिवसांत टबात न बसता नुसतं अंग धुतलं तरी चालतं. "ओफुरो वा इइ देस" म्हटलं की टब नको हे त्यांना कळतं.

प्रश्न : चहाचा विधी, सुलेखन, युकाता यांची तयारी मुलांकडून कशी करून घ्यावी? भेटवस्तू काय द्याव्यात? (शिक्षिका, ता. तुमसर, जि. भंडारा)

पायांपासून सुरुवात करा. चहाच्या खोलीत ‘सेइझा’त बसतात, म्हणजे आपलं वज्रासन. मांडीची सवय असलेल्या मुलांचेही पाय दहा मिनिटांत बधिर होतात, आणि एकदम उठलं की मूल तोंडावर पडतं. महिनाभर रोज सराव घ्या, पाच मिनिटांपासून वीसपर्यंत. उठण्याआधी पायाची बोटं खाली रोवून टाचांवर काही क्षण बसायचं, मुंग्या गेल्या की उठायचं. चटयांच्या कापडी काठांवर पाय द्यायचा नाही.

गोड पदार्थ आधी येतो. तो चहासोबत चघळायचा नसतो, चहाआधी पूर्ण संपवायचा, म्हणजे कडू चहा गोडीवर बसतो. वाडग्यात साधारण २ ग्रॅम हिरवी पूड आणि ७० मिलिलीटर पाणी असतं, ८० अंशांच्या आसपास. उकळतं पाणी घातलं की चहा तुरट होतो. बांबूच्या घुसळणीने, ‘चासेन’ने, मनगट सैल ठेवून पुढे-मागे हलवतात. रवीसारखं गोल फिरवलं तर फेस येत नाही, उलट काड्या तुटतात. वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवायचा. यजमान त्याची सुंदर बाजू पाहुण्याकडे करतो. त्या बाजूला ओठ लागू नये म्हणून वाडगा घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडा फिरवायचा आणि मग प्यायचा. शेवटचा घोट आवाज करून घेतात, ती संपल्याची खूण. ओठ लागलेली कड बोटांनी पुसून वाडगा उलट फिरवायचा.

सुलेखनात आपली मुलं एक चूक करतात : रेघ बारीक आली की तिच्यावर पुन्हा कुंचला फिरवतात. तिथे ते चालत नाही. एक रेघ एकदाच. रेघेचा शेवट तीन प्रकारचा असतो : थांबवून दाबणं, उसळवणं, निसटू देणं. कुंचला उभा धरायचा, कोपर टेबलाला टेकवायचं नाही. इथे सराव पाटीवर पाणी आणि जुन्या रंगाच्या ब्रशने होतो.

युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसताना डावा पदर उजव्यावर आला पाहिजे. उलट पदर मृतदेहाला नेसवतात, त्यामुळे एवढी एकच चूक सगळ्यांना खटकते. तशाच दोन चुका काड्यांच्या : भातात त्या उभ्या खोचणं आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देणं. दोन्ही अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

भेटवस्तू गावातलीच न्या. तुमच्या भागातल्या टसरचा रुमाल हलका आणि सुंदर. तान्ह्या पोळ्याचा वीतभर लाकडी नंदी रंगवलेला, गुळगुळीत असावा, साल राहिलेलं लाकूड नको. कापसाचं बोंड, धानाची लोंबी न्यायचा मोह होतो, पण त्यात बी असतं आणि बियाण्याला प्रमाणपत्र लागतं. माती तर मुळीच चालत नाही, म्हणून शेतातले जोडे धुऊन मगच पेटीत घाला. मोरपीस आपल्याच देशातून बाहेर नेण्यास बंदी आहे. चारचा संच देऊ नका, ‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचा उच्चार तिथे सारखाच, ‘शि’. दोन्ही हातांनी द्या. समोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तशी रीत आहे.

औषधं मूळ पट्टीतच न्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, महिन्यापेक्षा कमी. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आहे का ते पाहा, ठराविक प्रमाणावर गेलं तर तिथे बंदी आहे. फोनच्या चार्जरला दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागेल. वीज १०० व्होल्टची आहे.

प्रश्न : जपानी मुलं आमच्या गावच्या शाळेत येणार आहेत. त्यांना काय दाखवावं? (शिक्षक, ता. सेलू, जि. वर्धा)

देवाणघेवाणीतली ‘देवाण’ हीच. त्यांना उन्हाळ्यात मात्र बोलावू नका, ४५ अंशांत ती मुलं आजारी पडतील. त्यांची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर असते, आणि त्या वेळी आपल्याकडे शेतं हिरवी असतात. काही वर्षी पोळाही त्याच सुमारास येतो.

वर्ध्याचा विश्वशांती स्तूप निप्पोनझान म्योहोजी या जपानी पंथाचा आहे. त्याचे गुरू निचिदात्सु फुजी गांधीजींना भेटले होते, आणि सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही "नम्यो हो रेंगे क्यो" म्हणतात. स्वतःच्या भाषेतला मंत्र इथल्या मुलांच्या तोंडून ऐकणं पाहुण्यांना कुठल्याही स्वागतगीतापेक्षा मोलाचं वाटेल. नागपूरला दीक्षाभूमी आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर एका दिवसात होतं.

बाकी वेळ शाळेतच ठेवा. हार-तुरे आणि भाषणं अर्ध्या तासात आटपा. मग दोन-दोन मुलांच्या जोड्या लावा : एक इथला, एक तिथला. कापूस पिंजून वाती करणं, शेणाने सारवणं, चुलीवर भाकरी थापणं असं हाताचं काम द्या. भाषा अडत नाही. पिण्याला उकळून गार केलेलं किंवा सीलबंद पाणी. कोशिंबीर, उसाचा रस, बर्फ नको. तिखट नेहमीच्या चौथ्या हिश्शाइतकं घाला आणि ठेचा वेगळ्या वाटीत ठेवा. संडासाला आतून कडी आहे का, पाणी आणि कागद आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा. शेवटच्या तासाला दोन्हीकडच्या मुलांना मिळून वर्ग झाडायला सांगा. फडकी आणि बादल्या जोडीला एक याप्रमाणे आधीच भरून ठेवा.